फेरीवाल्याचा पुत्र गास्पार मोंज

इंजिनियरिंगच्या विद्यालयात नुकताच प्रवेश केलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी पूल बांधावयास किंवा एंजिन जोडावयास शिकवीत नाहीत, ही गोष्ट पुष्कळ पालकांस ठाऊक नसते. त्या वर्षी त्याच्या वाट्यास गणित, पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय येतात. भार, दोर व तरफा यांचा समतोल कसा राहतो हे सांगणारे स्थितिशास्त्र येते. कारखान्यात जाऊन कानस चालविणे, लाकडाचे सांधे बसविणे, भट्टीवर लोखंड ठोकणे ही कामे येतात. आणि या सर्वांच्या जोडीस येते ते ड्रॉइंग. प्रथम बिंदूचे प्रक्षेप, मग रेषेचे, मग प्रतलाचे, मग शंकू, सूची, गोल अशा घनाकृतींचे; त्या कापल्या असता कोणता छेद दिसेल, उलगडल्या असता पत्रा कोणत्या आकाराचा होईल, हे सर्व केवळ रेषांनी दाखवावयाचे. आमच्या शाळेतून गेलेले विद्यार्थी सुटीत भेटावयास येतात, तेव्हा त्यांच्या तोंडून सर्वांत अधिक कुरकूर याच विषयाची ऐकू येते. रेषा पुसून पुसून कागद काळा होतो, परंतु डोळ्यांपुढे आकृती उभी राहत नाही, असे त्यांचे गाऱ्हाणे असते. ज्या पुरुषाने ही विद्या निर्माण केली त्याचे चरित्र त्यांस सहसा कोणी सांगत नाही. ते येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

फ्रान्स देशाच्या बर्गंडी प्रांतात बोन नावाचे द्राक्षमळ्यांनी वेढलेले एक गाव आहे. तेथे १७४६ सालच्या मे महिन्यात गास्पार मोंज याचा जन्म झाला. त्याचा बाप झाक हा फेरीवाला होता. माल घेऊन हिंडावे, लोकांच्या चाकूसुऱ्यांस धार लावून द्यावी आणि त्यावर संसार चालवावा, अशी त्याची स्थिती. त्या काळच्या फ्रान्सात मनुष्याची योग्यता त्याच्या कुळावरून ठरत असे. तथापि या गरीब मनुष्याने आपल्या तिन्ही मुलांस शाळेत घातले, व पुढे तिघेही गणिताचे शिक्षक झाले. गास्पारची कीर्ती जगभर पसरली म्हणून त्याचे चरित्र लिहिले जाते, पण आमच्या मते या घराण्यातील पहिला थोर पुरुष म्हणजे तो धार लावणारा बाप होय.

बोन येथे ऑराटोरियन पंथाच्या पाद्र्यांची शाळा होती. धर्मशिक्षणाबरोबर गणित व सृष्टिज्ञान यांसही त्या शाळांत मानाचे स्थान असे. गास्पार तेथे चमकला. चौदाव्या वर्षी त्याने आग विझविण्याचा एक बंब स्वतःच्या हातांनी तयार केला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तेथून पाद्र्यांनी त्यास लिऑन शहरी आपल्या मोठ्या विद्यालयात पाठविले आणि ज्या वयात इतर मुले बाकावर बसतात त्या वयात त्याजकडे पदार्थविज्ञानाचा एक वर्ग सोपविला. १७६४ साली तो गावी परतला व त्याने बोन गावाचा नकाशा काढावयास घेतला. मोजणीची उपकरणे विकत घेण्याचे सामर्थ्य नव्हते. ती त्याने स्वतःच बनविली. नकाशा इतका सुबक व बिनचूक उतरला की तो एका लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडताच त्याने या मुलास मेझिएर येथील राजाच्या लष्करी इंजिनियरिंग शाळेत पाठविण्याची शिफारस केली.

मेझिएरची शाळा त्या काळी यूरोपात नावाजलेली होती. परंतु अधिकारी होण्यासाठी तेथे जे विद्यार्थी घेत ते घरंदाज कुळांतले असत. फेरीवाल्याच्या मुलास त्या वर्गाचे दार बंद होते. शाळेस जोडून एक दुय्यम विभाग होता. त्यात नकाशे उतरवून काढणारे आणि बांधकामावर देखरेख करणारे लोक तयार करीत. दगड व लाकूड कसे कापावे हे त्यांस शिकवीत आणि त्यासाठी चुनागच्चीचे नमुने करावयास लावीत. सरदारपुत्र या विभागास तुच्छतेने गिलावा कालविणाऱ्यांचा वर्ग म्हणत. मोंज याची नेमणूक झाली ती या विभागात. आपल्या बुद्धीची किंमत न होता केवळ हातांचीच होते याचे त्यास फार वाईट वाटे. तथापि जी विद्या पुढे त्याच्या नावाने प्रसिद्ध झाली तिचे मूळ या गिलाव्यातच आहे. दगडाचा चिरा कमानीत नेमका बसावा म्हणून त्याच्या कोणत्या अंगास किती छिलावे, हे गवंडी व सुतार पिढ्यान्‌पिढ्या आडाख्यांनी करीत आले होते. मोंज याने ते आडाखे पाहिले आणि त्यांच्यामागे एकच नियम दडलेला आहे हे ओळखले.

लवकरच त्यास संधी मिळाली. एका किल्ल्याचा तट अशा रीतीने आखावयाचा होता की, सभोवारच्या उंचवट्यांवरून शत्रूने तोफा डागल्या तरी आतले शिपाई माऱ्यात सापडू नयेत. हा हिशेब तोवर एकेक जागा घेऊन लांबलचक आकडेमोडीने करीत व त्यास पुष्कळ दिवस लागत. मोंज उत्तर घेऊन इतक्या लवकर आला की वरिष्ठाने ते तपासून पाहण्यासच प्रथम नकार दिला. एवढ्या वेळात आकडेमोड होणेच शक्य नाही, असा त्याचा तर्क. मोंज याने आकडेमोड केलीच नव्हती. त्याने केवळ रेषा काढून उत्तर मिळविले होते. अखेर तपासणी झाली आणि उत्तर बरोबर निघाले.

ही युक्ती काय होती हे आमच्या बालवाचकांस खोलीच्या कोपऱ्यात समजू शकेल. जमीन हे आडवे प्रतल व भिंत हे उभे प्रतल समजा. पाच फूट लांबीची एक काठी हवेत तिरकी धरा. तिच्यावर सरळ वरून प्रकाश पडला तर जमिनीवर तिची छाया पडेल. सरळ समोरून पडला तर भिंतीवर पडेल. जमिनीवरची छाया ३ फूट भरली आणि काठीचे एक टोक दुसऱ्याहून ४ फूट उंच असले, असे धरू. भिंतीवरची छाया ४ फूट उंच पडेल. तिची रुंदी मात्र काठीचा रोख जसा असेल त्याप्रमाणे कमीजास्त होईल. दोन्ही छाया बहुधा काठीहून आखूडच असतात. आता खालचे टोक जागच्या जागी ठेवून काठी अशी फिरवा की तिची कलती बदलू नये, पण जमिनीवरची छाया भिंतीस समांतर व्हावी. तसे होताच भिंतीवरची छाया ३ फूट रुंद व ४ फूट उंच होते आणि तिची लांबी बरोबर ५ फूट भरते. म्हणजे काठीस पट्टी न लावता, दोन छायांवरून तिची खरी लांबी हाती आली. शेवटी कल्पनेने भिंत मागे पाडून जमिनीशी सपाट करा. दोन्ही छाया एकाच कागदावर आल्या. मधली रेघ म्हणजे भिंत व जमीन जेथे मिळत होत्या ती. समोरचे चित्र रेघेच्या वर आणि वरून दिसणारे चित्र रेघेच्या खाली, ही मांडणी आपल्याकडील विद्यार्थी पहिल्या वर्षी आजही काढतात.

दोन चित्रे निरनिराळी काढण्याची चाल मोंज याच्या पूर्वीही होती. शिल्पी लोक नकाशा व दर्शनी भाग काढीतच असत. मोंज याने विशेष केले ते हे की, त्या दोन चित्रांस एका नियमाने बांधले, आणि त्यांवरून अवकाशातील कोणताही प्रश्न कंपास व पट्टी यांच्या साहाय्याने सोडविता येतो हे दाखविले. दोन नळ एकमेकांस छेदतात तेथे कोणती वक्ररेषा होते, हे यामुळे नळ बनविण्यापूर्वीच कागदावर दिसू लागले. या शास्त्रास वर्णनात्मक भूमिती असे नाव मिळाले.

येथे विलक्षण प्रकार घडला. ही रीत लष्कराच्या इतकी उपयोगी ठरली की ती गुप्त ठेवण्याची आज्ञा झाली. मेझिएरच्या भिंतींआड मोंज याने ती शिकवावी, पण बाहेर कोणास सांगू नये, छापू नये. गिलावा कालविणाऱ्यांच्या वर्गातला हा मुलगा १७६९ साली त्याच शाळेत गणिताचा अध्यापक झाला व सरदारपुत्र त्याच्यापुढे बसू लागले. परंतु ज्या गवंड्यांच्या व सुतारांच्या कामातून ही विद्या निघाली होती त्यांस मात्र ती मिळेना. ही बंदी जवळजवळ तीस वर्षे टिकली.

मधल्या काळात मोंज स्वस्थ बसला नव्हता. १७७७ साली त्याने कातरिन ह्युआर नामक एका तरुण विधवेशी विवाह केला. तिची लोखंडाची एक भट्टी होती, आणि तिच्या निमित्ताने धातू ओतण्याच्या कलेत त्याने लक्ष घातले. पुढे १७८६ साली दोन मित्रांसह त्याने लोखंड व पोलाद यांवर एक निबंध लिहिला. पोलादाचे गुण त्यातील कार्बनावर अवलंबून असतात हे त्यात मांडले आहे. १७८० मध्ये पॅरिसच्या विज्ञानपरिषदेत त्याची निवड झाली व १७८३ मध्ये तो आरमारी विद्यार्थ्यांचा परीक्षक झाला. त्याच्या आधीचा परीक्षक बेझू हा वारला होता आणि बेझूची पुस्तके सर्वत्र चालत असत. मोंज याने नवीन पुस्तके लिहावी असा आग्रह झाला, तेव्हा त्या पुस्तकांच्या उत्पन्नावर बेझूच्या विधवेचा निर्वाह चालतो म्हणून त्याने पूर्ण पुस्तकमाला लिहिण्याचे नाकारले, असे सांगतात. स्थितिशास्त्रावर मात्र त्याने १७८८ साली एक लहान पुस्तक लिहिले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पहिल्या वर्षाच्या आणखी एका विषयावर याप्रमाणे त्याचा हात फिरला.

१७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. जन्मामुळे ज्याच्या वाटेत पदोपदी भिंती उभ्या राहिल्या, तो मनुष्य क्रांतीच्या पक्षास मिळावा यात नवल नाही. १७९२ च्या ऑगस्टपासून पुढच्या एप्रिलपर्यंत तो आरमारखात्याचा मंत्री होता. या कामात त्यास यश आले नाही. शासन करणे हा त्याचा धर्मच नव्हता. त्याच काळात, १७९३ च्या जानेवारीत, राजा सोळावा लुई याचा वध झाला, आणि मंत्रिमंडळातील एक म्हणून मोंज याकडे त्या कृत्याचा अधिकृत वाटा येतो. आम्ही ही गोष्ट झाकून ठेवणार नाही. सर्व राष्ट्रांनी फ्रान्सवर चाल केली तेव्हा तोफांचे कारखाने उभारण्याची जबाबदारी त्याने घेतली. तळघरांची माती धुऊन दारूसाठी सोरा काढला जाई आणि चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतल्या जात. पाद्र्यांच्या शाळेत वाढलेल्या मुलाने हे काम पाहावे, हा काळाचा उलटा फेरा म्हणावयाचा. या कामासाठी तोफा ओतण्याच्या कृतीवर त्याने लिहिलेले पुस्तक मात्र कारागिरांस समजेल अशा भाषेत व आकृत्यांसह लिहिलेले आहे.

युद्धाने एक गोष्ट सिद्ध केली होती. देशात इंजिनियर फार थोडे होते, आणि जुन्या शाळा मोडकळीस आल्या होत्या. १७९४ साली पॅरिस येथे सार्वजनिक बांधकामांसाठी एक नवी मध्यवर्ती शाळा स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिला एकोल पॉलिटेक्निक हे नाव मिळाले. तिच्या उभारणीत मोंज अग्रभागी होता. प्रवेशासाठी कुळाचा दाखला नव्हता, परीक्षा होती. पहिल्या वर्षी सुमारे ४०० विद्यार्थी घेण्यात आले व त्यांस निर्वाहासाठी सरकारातून वेतन मिळे. सर्वांनी आरंभी एकच पाया घालावा, म्हणजे गणित, भूमिती, पदार्थविज्ञान, रसायन व ड्रॉइंग शिकावे, आणि मग कोणी पुलांकडे, कोणी खाणींकडे, कोणी तोफखान्याकडे वळावे, अशी योजना होती. आपल्याकडील पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम या योजनेच्या पुढे ठेवून पाहिला तर सव्वादोनशे वर्षांनंतरही दोहोंचा सांगाडा एकच दिसतो.

त्याच सुमारास, १७९५ मध्ये, शिक्षक तयार करण्यासाठी निघालेल्या एकोल नॉर्मालमध्ये मोंज याने वर्णनात्मक भूमितीवर जाहीर व्याख्याने दिली. लघुलेखक ती टिपून घेत व ती लगेच छापली जात. गुप्ततेचा काळ अशा रीतीने संपला. १७९९ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. लाग्रांज याच्यासारखा गणिती ती ऐकावयास बसला होता. ऐकून बाहेर पडताना, ही भूमिती आपणांस मुळातच येत होती हे आजवर आपणांसच माहीत नव्हते, अशा अर्थाचे काही तो म्हणाला अशी आख्यायिका आहे. कठीण गोष्ट इतकी सोपी करून सांगावी की ऐकणाऱ्यास ती आपलीच वाटावी, हे शिक्षकाचे मोठे यश होय. शिकविताना मोंज हातांनी हवेत आकृती घडवी. त्याची बोटे कोठे वळतात हे पाहूनच मुलांस पृष्ठभाग दिसू लागे, असे त्याचे शिष्य लिहून गेले आहेत.

नेपोलियनची व त्याची मैत्री इटलीत जुळली. १७९६ साली तेथील उत्कृष्ट चित्रे व पुतळे निवडून फ्रान्सास नेण्यासाठी सरकारने जे मंडळ पाठविले त्यात मोंज होता. जिंकलेल्या देशाची संपत्ती उचलून नेण्याच्या या कामाचे समर्थन आम्हांस करवत नाही. १७९८ मध्ये तो नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला आणि कैरो येथे स्थापिलेल्या विद्वत्परिषदेचा पहिला अध्यक्ष झाला. वाळवंटातून कूच करताना तहानेने व्याकूळ झालेल्या शिपायांस पुढे पाणी दिसे, आणि जवळ जावे तो ते नाहीसे होई. तापलेल्या वाळूलगतची हवा विरळ होऊन प्रकाशाचे किरण वाकतात व आकाशाचेच प्रतिबिंब भूमीवर दिसते, असा मृगजळाचा उलगडा मोंज याने तेथे केला. वैशाखात डांबरी सडकेवर जे पाणी चमकते त्याचेही कारण हेच.

नेपोलियन बादशहा झाल्यावर मोंज यास सरदारकी मिळाली, आणि कधी काळी कुळावाचून अडलेला हा मनुष्य काउंट म्हणवू लागला. क्रांतीचा हा कट्टर अभिमानी ती पदवी घेतो हे पाहून काही लोक हसले. पण शिष्यांच्या बाबतीत तो बदलला नाही. एकोल पॉलिटेक्निकची मुले नव्या बादशाहीवर नाखूश होती. नेपोलियनने त्याबद्दल तक्रार केली तेव्हा, या मुलांस प्रजासत्ताकवादी बनविण्यास आम्हांस फार श्रम पडले, आपण फारच एकाएकी वळलात, त्यांस वळावयास थोडा अवधी द्यावा, असे मोंज याने त्यास निर्भयपणे सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे नेपोलियनने शाळेस लष्करी शिस्त लावली व फी बसविली. तेव्हा मोंज याने तेथील आपले वेतन गरीब विद्यार्थ्यांसाठी खर्च केले, असे चरित्रकार लिहितात. १८०९ मध्ये हात लुळा पडू लागल्यामुळे त्याने शिकविणे सोडले.

त्याच्या शिष्यांनी ही विद्या दूरवर नेली. पाँसले हा १८१२ च्या स्वारीत रशियनांच्या हाती सापडला आणि साराटोव्ह येथे कैदेत पडला. जवळ एकही पुस्तक नसता त्याने गुरूने शिकविलेली भूमिती आठवून आठवून पुन्हा मांडली, व तीतून प्रक्षेपीय भूमितीचा पाया घातला. क्रोझे नावाचा दुसरा एक जण १८१६ मध्ये अमेरिकेतील वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात हा विषय शिकवू लागला. हिंदुस्थानात हे शिक्षण इंग्रजांच्या मार्फत आले. पुणे येथे १८५४ साली जो इंजिनियरिंगचा वर्ग निघाला तोही आरंभी सार्वजनिक बांधकामांवरील दुय्यम नोकर तयार करण्यासाठीच होता. मेझिएरच्या त्या गिलाव्याच्या वर्गाची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. आज तेच विद्यालय विद्यापीठाच्या पदवीस पोहोचले आहे, आणि फळी व टी-स्क्वेअर यांची जागा पुष्कळ अंशी संगणकाने घेतली आहे. परंतु संगणकाच्या पडद्यावर आकृती फिरविताना ती कोठून कशी दिसते हे ज्यास मनात दिसत नाही, त्याची अडचण संगणकाने दूर होत नाही.

१८१५ साली नेपोलियनचा पाडाव झाला व जुने राजघराणे परत आले. मोंज यास त्याचे प्रायश्चित्त भोगावे लागले. १८१६ मध्ये त्याचे नाव विज्ञानपरिषदेतून काढून टाकण्यात आले आणि त्याची जागा कोशी याला देण्यात आली. कोशी हा थोर गणिती, आणि त्याच एकोल पॉलिटेक्निकचा विद्यार्थी. त्याने ती जागा स्वीकारली. स्वीकारावयास नको होती असे आम्हांस वाटते, पण राजनिष्ठेच्या दृष्टीने त्याचे मन स्वच्छ होते हेही खरे. मोंज याची शाळाही त्या वर्षी काही काळ बंद करण्यात आली. हा आघात वृद्ध मोंज यास सोसला नाही. त्याचे शरीर आधीच थकलेले, आता बुद्धीही मंदावली. १८१८ च्या जुलै महिन्याच्या २८ तारखेस पॅरिस येथे त्याचा अंत झाला.

अंत्ययात्रेस जाण्याची परवानगी एकोल पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी मागितली. सरकारने ती नाकारली. मित्र बेर्तोले याने थडग्यापाशी भाषण केले. मुले शाळेत होती. शिस्त मोडून ती बाहेर पडली नाहीत. पुढील सुटीचा दिवस उजाडताच ती सर्व मिळून पेर लाशेझच्या दफनभूमीत गेली व गुरूच्या थडग्याभोवती उभी राहिली. पुढे त्या जागी एक स्मारक उभारण्यात आले. इजिप्तची आठवण म्हणून ते त्या देशाच्या वास्तूंच्या धर्तीवर बांधलेले आहे. त्याच्या अस्थी मात्र आता तेथे नाहीत. १९८९ च्या डिसेंबरात, राज्यक्रांतीस दोनशे वर्षे झाली त्या साली, त्या समारंभपूर्वक पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेऊन ठेवण्यात आल्या.